दाता भागाची विरळता: केशरोपणानंतरचे पहिले वर्ष

केशरोपण या शस्त्रक्रियेत नवा केस निर्माण होत नाही. डोक्याच्या एका भागातले केस मुळासकट काढून दुसऱ्या भागात लावले जातात, एवढेच तिचे स्वरूप आहे. ज्या भागातून केस घेतले जातात त्याला दाता भाग आणि ज्या भागात ते लावले जातात त्याला ग्राहक भाग म्हणतात. दवाखान्यांतल्या रोजच्या बोलण्यात पहिल्याला सर्रास ‘डोनर एरिया’ म्हटले जाते. एका कानाच्या वरून निघून डोक्याच्या मागच्या बाजूने दुसऱ्या कानाकडे जाणारा साधारण चार बोटे रुंदीचा पट्टा म्हणजे हा दाता भाग. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे सगळे लक्ष कपाळाकडे लागलेले असते, कारण पैसे तिथल्या केसांसाठी मोजलेले असतात. पण काही जणांच्या बाबतीत तीन-चार आठवडे उलटले, की आजवर दाट असलेला मागचा भागच विरळ दिसू लागतो, कंगव्यात केस येऊ लागतात, आणि समोरचे टक्कल झाकण्याच्या नादात मागे नवे टक्कल तर पडले नाही ना, अशी धास्ती घेऊन रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे धाव घेतो. त्याला बहुधा ‘शॉक लॉस’ (धक्क्याने झालेली तात्पुरती गळती) असे दोन शब्दांचे उत्तर मिळते आणि थांबण्याचा सल्ला दिला जातो. हे उत्तर बऱ्याचदा बरोबर असते, पण नेहमी नसते. कारण केस गळणे आणि केसमूळच निघून जाणे या दोन अगदी वेगळ्या घटना पहिल्या दोन-तीन महिन्यांत वरून जवळजवळ सारख्याच दिसतात.

दाता भाग मागेच का असतो, हे आधी पाहायला हवे. पुरुषांत आढळणारे नेहमीचे टक्कल हे पुरुषी संप्रेरक आणि आनुवंशिकता यांच्या संयोगाने पडते. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले आहेत अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांनाच टेस्टोस्टेरॉन दिले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे द्रव्य कपाळावरच्या आणि माथ्यावरच्या केसमुळांना हळूहळू खुरटे करत नेते, तर मागच्या आणि बाजूच्या केसमुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ साली मागच्या भागातल्या केसाळ त्वचेचे बारीक गोल तुकडे पुढच्या टकलावर लावून पाहिले आणि ते केस नव्या जागीही टिकतात, म्हणजे केसाचे भवितव्य त्याच्या मूळ जागेवरून ठरते, असे दाखवले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या या निष्कर्षाला ‘दात्याचे वर्चस्व’ असे नाव पडले आणि आजचे सगळे केशरोपण त्यावरच उभे आहे. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ सालीच भाजण्यासारख्या इजांनी केस गेलेल्या जागी अशीच रोपणे केली होती, परंतु युद्धाच्या गदारोळात ते काम जपानबाहेर पोहोचले नाही. ओरेंट्राइक यांच्या पद्धतीत घेतलेले तुकडे साधारण ४ मिलिमीटर व्यासाचे असत आणि मागे उरणारी भोके आपोआप भरून येऊ दिली जात, त्यामुळे दाता भागावर पांढरट गोल वणांच्या रांगा राहत. त्या काळी दाता भागाची काय गत झाली हे कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. आज साधने इतकी बारीक झाली आहेत, की तेच नुकसान बराच काळ लपून राहते.

डोक्यावरचे केस एकेकटे उगवत नाहीत. मिशिगन विद्यापीठातले त्वचा-विकृतिशास्त्रज्ञ जॉन हेडिंग्टन यांनी १९८४ साली टाळूच्या त्वचेचे आडवे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून असे मांडले, की एक ते चार केस आपल्या तैलग्रंथी आणि बारीक स्नायूंसह एका गुच्छात नांदतात. या गुच्छाला केसमूळ-एकक म्हणता येईल. व्यवहारात त्यालाच ‘ग्राफ्ट’ म्हणतात आणि शस्त्रक्रियेचा भाव याच्या संख्येवर ठरतो. निरोगी दाता भागात एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशी साधारण ६५ ते ८५ एकके असतात आणि प्रत्येक एककात सरासरी दोनहून थोडे अधिक केस असतात. आशियाई वंशाच्या लोकांत ही संख्या काहीशी कमी आढळते, मात्र केस जाड असल्यामुळे ती उणीव डोळ्यांना जाणवत नाही.

ही एकके काढण्याच्या दोन पद्धती आज रूढ आहेत. पट्टी पद्धतीत, म्हणजे एफयूटीमध्ये, दाता भागातून एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची केसाळ त्वचेची लांबट पट्टी कापून घेतात, जखमेच्या कडा जवळ आणून टाके घालतात आणि पट्टीतली एकके सूक्ष्मदर्शकाखाली सुटी करतात. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे एफयूईमध्ये, सुमारे ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ, धारदार नळीने एकेक एकक भोवतीच्या त्वचेपासून मोकळे करून चिमट्याने उचलून घेतात. या नळीला ‘पंच’ म्हणतात. विल्यम रासमन आणि रॉबर्ट बर्नस्टाइन यांनी सहकाऱ्यांसह २००२ साली या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत तिने पट्टी पद्धतीला बरेच मागे टाकले, कारण तिच्यात मागे लांब वण राहत नाही. ‘व्रण नाही, टाके नाहीत’ ही जाहिरात मात्र अर्धीच खरी आहे. प्रत्येक पंचच्या जागी एक सूक्ष्म वण राहतोच, आणि सावळ्या त्वचेवर तो फिक्या ठिपक्याच्या रूपाने गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक उठून दिसतो.

काढलेले मूळ पुन्हा उगवत नाही, ही दोन्ही पद्धतींतली समान गोष्ट आहे. मागचे केस परत येतात, असे काही ठिकाणी रुग्णाला बिनदिक्कत सांगितले जाते. ते असत्य आहे. केसमूळ-एकक पूर्ण निघाले असेल, तर त्या जागी फक्त वणाची ऊती भरते. परत येतात ते शेजारचे, जागेवरच राहिलेले, पण शस्त्रक्रियेच्या धक्क्याने तात्पुरते गळून पडलेले केस. दाता भागातल्या तात्पुरत्या विरळतेचा सगळा प्रश्न या शेजाऱ्यांचा आहे.

केस गळूनही मूळ जिवंत कसे राहते, याचे उत्तर केसाच्या जीवनचक्रात आहे. प्रत्येक केसमूळ आळीपाळीने वाढते आणि थांबते. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे चालते, नंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ येतो आणि त्यामागून साधारण तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांतीच्या शेवटी जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा डोके वर काढतो. एरवी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या आणि उरलेले बहुतेक विश्रांतीच्या अवस्थेत असतात, म्हणून रोज ५० ते १०० केस गळूनही डोके भरलेलेच दिसते. शरीराला जबर धक्का बसला, तर पुष्कळ मुळे वाढ सोडून एकदमच विश्रांतीला जातात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराचे वर्णन केले, पण त्याचा अनुभव घरोघरी आधीपासून आहे: बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी बाईच्या केसांची मूठभर गुंतवळ निघू लागते, विषमज्वर, डेंग्यू आणि अलीकडे कोविड यांतून उठलेल्या माणसांचेही असेच होते. धक्का आणि गळती यांच्यात दोन-तीन महिन्यांचे अंतर पडते, कारण विश्रांतीची मुदत संपल्याशिवाय केस सुटत नाही.

केशरोपणानंतरची गळती मात्र कित्येकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सुरू होते आणि हे अंतर या हिशेबात बसत नाही. याच हेडिंग्टन यांनी १९९३ साली केसांच्या अशा सामूहिक गळतीचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी एकात वाढीच्या अवस्थेतले मूळ आपला काळ पुरा होण्याआधीच घाईने विश्रांतीकडे वळते आणि गळती तीन ते पाच आठवड्यांत दिसते. मुळाला आणखी जोराचा धक्का बसला, तर ते विश्रांतीलाही जात नाही. केस जिथे तयार होतो तिथेच तो बारीक आणि कमकुवत होऊन तुटतो. दाता भागात हे सगळे प्रकार शेजारी शेजारी घडू शकतात, म्हणून एका रुग्णाची गळती तिसऱ्या आठवड्यात, तर दुसऱ्याची दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सुरू होते आणि दोघांचीही विरळता शेवटी भरून येते.

हा धक्का नेमका कशाचा असतो, हे शस्त्रक्रियेच्या मेजाजवळ गेल्यावर कळते. दाता भागावर मशीन फिरवून केस एक-दोन मिलिमीटरवर आणले जातात. मग बधिर करणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनालिन मिसळलेले मिठाचे पाणी त्वचेखाली टोचले जाते. त्वचा टणक होऊन वर उचलली जाते, रक्तस्राव थांबतो आणि पंच सरळ बसतो. पण तेवढा वेळ त्या भागातल्या मुळांना कमी रक्तावर भागवावे लागते. मूळ त्वचेखाली साधारण चार ते सहा मिलिमीटर खोल गेलेले आणि तिरपे असते, केस कुरळा असेल तर आत वाकलेलेही असते. पंचची दिशा जरा चुकली, की शेजारचे मूळ मध्येच कापले जाते. ०.९ मिलिमीटर व्यासाच्या पंचने २,५०० एकके काढली, तर सगळ्या भोकांचे मिळून क्षेत्रफळ जवळजवळ १६ चौरस सेंटिमीटर होते. तेवढी उघडी जखम पाच-सहा तासांत एकाच डोक्यावर तयार होते आणि तिच्या भरण्यासोबत येणारा दाह उरलेल्या प्रत्येक मुळाच्या अंगणात पोहोचतो. त्यात रुग्ण कित्येक तास पालथा, मग उताणा पडून असतो आणि पुढच्या रात्री डोक्याची मागची बाजू उशीवर टेकवूनच झोपतो, हाही भाग नजरेआड करून चालत नाही. केस तयार करणाऱ्या पेशी शरीरातल्या सर्वाधिक वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी असल्यामुळे रक्तपुरवठ्यातली अशी ओढाताण त्यांना लगेच जाणवते.

पट्टी पद्धतीत कारणांचा क्रम बदलतो. तिथे मुख्य दोष ताणाचा: दीड सेंटिमीटरची फट बुजवण्यासाठी वरखालची त्वचा ओढली जाते आणि टाक्यांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना केस विरळ होतात. ही विरळता रेषेला धरून असते, एफयूईमधली मात्र पसरट आणि ठिकठिकाणी विखुरलेली. ताण फारच झाला, तर रक्तपुरवठा तुटून त्वचेचा तुकडा काळा पडू शकतो. हा प्रकार क्वचितच घडत असला तरी तिथे गेलेला केस परत येत नाही.

आता प्रश्न असा, की सारखीच शस्त्रक्रिया झालेल्या दोघांपैकी एकाच्या मागे काहीच दिसत नाही आणि दुसऱ्याची टाळू उघडी पडते, असे का व्हावे? याचे उत्तर बरेचसे अंकगणितात आहे. डोक्यावरचे निम्मे केस जाईपर्यंत विरळता साध्या डोळ्याला सहसा जाणवत नाही, असा केशरोपण करणाऱ्यांचा ढोबळ आडाखा आहे. समजा, एखाद्याच्या दाता भागाचे क्षेत्रफळ १६० चौरस सेंटिमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला ७० एकके आहेत. म्हणजे एकूण ११,२०० एकके झाली. त्यातली २,५०० एकके सगळीकडून सारखी काढली, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५४ उरतात. उरलेल्यांपैकी १५ टक्के तात्पुरती गळाली तरी ४६ शिल्लक राहतात, म्हणजे मूळच्या जवळजवळ दोन-तृतीयांश, आणि कोणाच्या काही ध्यानात येत नाही. त्याच २,५०० एककांची उचल घाईने डोक्याच्या मागच्या मध्यावरच्या ८० चौरस सेंटिमीटरमधूनच केली, तर तिथे ३९ उरतात. या टप्प्यावर अजून निभावते, पण तेवढीच १५ टक्के गळती झाली की आकडा ३३ वर, निम्म्याच्या खाली येतो आणि टाळू दिसू लागते. सहा महिन्यांनी गळालेले केस परतले, की तो पुन्हा ३९ वर जातो आणि ‘शॉक लॉस बरा झाला’ असे म्हटले जाते. वास्तविक तिथली दर चौरस सेंटिमीटरमागे ३१ एकके कायमची गेलेली असतात आणि पुढे वय वाढले, उरलेले केस थोडे जरी बारीक झाले, तरी तीच जागा पुन्हा उघडी पडणार असते. तात्पुरती विरळता दिसली याचाच अर्थ कित्येकदा असा असतो, की कायमची वजाबाकी आधीच मर्यादेच्या काठावर गेली आहे. तात्पुरत्या गळतीची भीती वाटून घेण्याचे कारण नाही, पण ती काय सांगते आहे याकडे दुर्लक्ष करणेही शहाणपणाचे नाही.

उचल याहून अधिक झाली, तर दाता भाग कसर लागलेल्या कापडासारखा ठिकठिकाणी विरळ दिसतो, आणि तो केस परतण्याच्या काळानंतरही तसाच राहतो. एका दिवसात चार-पाच हजार ग्राफ्ट बसवण्याच्या जाहिराती इस्तंबूलपासून मुंबई-पुण्यापर्यंत सगळीकडे दिसतात. त्या आकड्यात किती एकके खरोखर निघाली, किती कापली गेली आणि एका चौरस सेंटिमीटरमागे किती उचल झाली, हे जाहिरातीत कधी नसते. केशरोपणाचा दर ग्राफ्टवर ठरवण्याच्या रिवाजाने दाता भागाचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे कोणत्याही बोथट पंचने केले नसेल.

तात्पुरत्या विरळतेचा काळ बहुतेकांत ठरावीक वळणाने जातो. एफयूईची भोके काही दिवसांत बुजतात आणि त्यांवरच्या खपल्या सात ते दहा दिवसांत पडतात. या सुमारास मागचा भाग लालसर आणि ठिपकेदार दिसतो, पण ती विरळता नव्हे. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ग्राहक भागात लावलेले केसही गळतात, आणि याची कल्पना रुग्णाला आधी दिलेली असल्यामुळे ते कोणी मनावर घेत नाही. दाता भागाची गळती याच काळात किंवा थोडी मागून येते आणि बहुधा तिच्याबद्दल आधी कोणी बोललेले नसते. गळती काही आठवडे चालून आपोआप थांबते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, टोकाकडे निमुळते नवे केस दिसू लागतात, सहाव्या महिन्यापर्यंत त्यांनी विरळ जागा बऱ्याच अंशी झाकलेली असते आणि काहींना पूर्ण भरायला नऊ महिने ते वर्ष लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो, त्यामुळे मुळे जागी झाल्यानंतरही डोळ्यांना फरक दिसायला वेळ जातो. मागच्या भागाची बधिरता किंवा मुंग्या येणे हेही काही आठवडे ते महिने राहू शकते. ते त्वचेतल्या बारीक चेतातंतूंच्या इजेमुळे होते आणि त्याचा केसगळतीशी थेट संबंध नाही.

कापलेले केस आणि गळलेले केस यांतला फरकही रुग्णांच्या लक्षात येत नाही. दाता भाग शस्त्रक्रियेसाठी मुळाशी कापलेला असतो, महिन्यानंतर तिथे एक सेंटिमीटरचे उभे केस असतात, आणि अशा लांबीला निरोगी डोक्याचीही टाळू दिसते. त्यात ओले केस, डोक्यावरचा दिवा आणि मोबाइलचा फ्लॅश यांची भर पडली, की कोणाचेही डोके विरळ ठरेल. शस्त्रक्रियेपूर्वीचे छायाचित्र लांब केसांचे आणि नंतरचे आखूड केसांचे, अशी तुलना करून काढलेला निष्कर्ष कवडीमोलाचा असतो.

डॉक्टर ही विरळता तपासताना भिंगाचा आधार घेतात. सुमारे ५०-६० केसांची बट धरून हलकेच ओढली असता पाच-सहाहून अधिक हातात आले, तर गळती सक्रिय आहे असा पारंपरिक निकष आहे. हातात आलेल्या केसाच्या टोकाला पांढरा, गुळगुळीत, गोल गड्डा असेल, तर तो विश्रांतीच्या अवस्थेतून सुटलेला आहे. डर्मोस्कोप या प्रकाशयुक्त भिंगाखाली दाता भाग पाहिला, तर दोन प्रकारच्या रिकाम्या जागा वेगळ्या ओळखू येतात. जिथे मूळ शाबूत आहे तिथे छिद्र दिसते आणि थोड्या दिवसांनी त्यातून सुईसारख्या टोकाचा आखूड केस वर आलेला दिसतो. जिथून एकक काढले आहे तिथे छिद्र नसते, फक्त सपाट, फिका, काठ पुसट झालेला ठिपका असतो. पहिल्या प्रकारची जागा भरणार आहे, दुसऱ्या प्रकारची नाही. दोन्ही प्रकार मोजून त्यांचे प्रमाण काढता येते, आणि रुग्णाला ‘थांबा’ म्हणण्याआधी निदान एकदा ही मोजदाद झालेली असणे योग्य. दुर्दैवाने ज्या ठिकाणी तिची सर्वाधिक गरज असते, त्याच ठिकाणी ती बहुधा होत नाही.

काही डोक्यांच्या बाबतीत ‘तात्पुरता’ हा शब्दच लागू पडत नाही. काही पुरुषांत टक्कल वरून खाली उतरते तसे मानेकडून वरही चढते आणि दाता भागाची खालची कड वर्षागणिक सरकत जाते. तिथून घेतलेले केस पुढे रोपण केलेल्या जागीही टिकत नाहीत. काहींत विरळता अशा ठरावीक आकारात न येता पूर्ण डोक्यावर, मागच्या भागासह, सारखीच पसरते. स्त्रियांत हा प्रकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. अशा डोक्यातले बरेच केस शस्त्रक्रियेपूर्वीच खुरटू लागलेले असतात आणि खुरटे मूळ धक्क्यानंतर पूर्ण ताकदीने परत येईलच असे नाही. हे आधीच ओळखण्याचे काम शस्त्रक्रियेच्या दिवशीचे नसून पहिल्या भेटीचे आहे: दाता भागात बारीक झालेल्या केसांचे प्रमाण लक्षणीय आढळले, तर त्या व्यक्तीचे केशरोपण न करणे हाच उपचार ठरतो. याखेरीज गोल, गुळगुळीत, तुळतुळीत चट्टे पडले तर ती चाई असू शकते. पू, ताप, दुखणारी सूज असेल तर जंतुसंसर्ग. आणि मुळांभोवती लाली आणि खवले धरून जागा हळूहळू गुळगुळीत होत गेली, तर केसमुळे नष्ट करणाऱ्या दाहक रोगाचा विचार करून त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. यांपैकी कशालाही शॉक लॉस म्हणून सहा महिने वाट पाहणे महागात पडते.

खऱ्या तात्पुरत्या विरळतेवर मुख्य उपचार वाट पाहण्याचाच आहे. मिनॉक्सिडिल हे लावण्याचे औषध अमेरिकेत १९८८ साली पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झाले. ते मुळांची विश्रांती आवरती घेऊन त्यांना लवकर वाढीकडे वळवते, म्हणून दाता भागावरही ते सुचवले जाते. मात्र सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याच्यामुळेच गळती वाढल्यासारखी दिसते आणि आधीच घाबरलेला रुग्ण ते सोडून देतो. १९९७ साली टकलासाठी मंजूर झालेले फिनॅस्टराइड डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनची निर्मिती रोखते. त्याचा उपयोग गळालेले केस परत आणण्यापेक्षा उरलेले केस खुरटू न देण्यासाठी अधिक आहे, आणि लैंगिक दुष्परिणामांची शक्यता समजावून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यायचे असते. गर्भवती स्त्रियांसाठी ते निषिद्ध आहे. रुग्णाच्या रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग टोचण्याचा पीआरपी हा उपचार दवाखान्यांत जोरात चालतो; टकलावर त्याचा काहीसा उपयोग दिसतो, परंतु जी विरळता तशीही भरणार आहे तिच्यावर तो केला, तर श्रेय कोणाला द्यायचे हे ठरवणे अशक्य असते. तेलाची मालीश, कांद्याचा रस किंवा पूर्ण मुंडण यांपैकी कशानेही विश्रांतीतले मूळ लवकर जागे होत नाही. मुंडणाने केस जाड होतात हा समज तर केसाचे कापलेले टोक बोथट लागते एवढ्यावरच उभा आहे. खपल्या असताना जोराने तेल चोळणे उलट अपायकारक. तोवर झाकपाक करायची, तर केस दोन-तीन सेंटिमीटर वाढू देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. न्हाव्याला मागची बाजू अगदी बारीक करू नको एवढे सांगितले, की बहुतेकांचे काम भागते. जखमा पूर्ण भरल्यावर टाळूवर टाकण्याची रंगीत तंतूंची पूडही चालते. उचल कायमचीच जास्त झाली असेल, तर टाळूवर केसांसारखे सूक्ष्म ठिपके गोंदवणे किंवा दाढीचे केस मागे लावणे एवढेच मार्ग उरतात, आणि दोन्हींत मूळची घनता परत येत नाही.

भारतात ही शस्त्रक्रिया कोणी करावी, यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टर, विशेषतः त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन, यांच्याकडे ती जबाबदारी असावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर शस्त्रक्रिया पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण मानता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही अनेक ठिकाणी डॉक्टर रुग्णाशी बोलून निघून जातात आणि पंच तंत्रज्ञाच्या हाती येतो. ज्याला केशरोपण करून घ्यायचे आहे त्याने ग्राफ्टच्या भावाआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: दाता भागाची घनता भिंगाने मोजली का, पंच कोण चालवणार, एकके कोणकोणत्या भागातून किती काढणार, आणि काढलेल्या, कापल्या गेलेल्या व लावलेल्या एककांचे आकडे लेखी मिळणार का. शस्त्रक्रियेपूर्वी मशीन फिरवल्यावर, कोरड्या केसांत, एकाच प्रकाशात मागच्या आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात केस तेवढेच आखूड करून ती पुन्हा काढावीत, म्हणजे तुलना खरी होते. आणि मागचा भाग कितीही लवकर भरलेला वाटला, तरी हे वर्ष पूर्ण होऊन दाता भाग पुन्हा मोजला जाईपर्यंत दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे भरू नयेत.